खालून धरणारा

१

नवी पेठेतल्या माझ्या दुकानात रेडिओ यायचे, टेपरेकॉर्डर यायचे, लग्नसराईत भोंगे आणि ॲम्प्लिफायर यायचे. होडी कधी आली नव्हती. सोलापुरात होडीचं काम निघेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी हसलो असतो. पण १९७५ च्या फेब्रुवारीत गोदावरीबाई दुकानात आल्या आणि तेच काम घेऊन आल्या.

बाई मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. माझ्या बायकोला, दुर्गाला, त्यांनी गणित शिकवलेलं. म्हणून मी उठून खुर्ची पुसून दिली.

"कुंडलिक, तुम्हाला नाजूक काम जमतं असं दुर्गा म्हणाली."

"जमतं की, बाई. रेडिओ आहे ना?"

"रेडिओ नाही. होडीवर बसवलेली यंत्रं काढायची आहेत. होडीला इजा होता कामा नये, आणि यंत्रांनाही."

त्यांचे भाऊ कमलाकरपंत मालवाहू जहाजांवर बिनतारी संदेशाचं काम करायचे. नोकरी संपल्यावर त्यांनी वीस फुटी शिडाची होडी सोलापूरला आणली आणि हिप्परग्याच्या तळ्यात ती चालवायचे. बहात्तरच्या दुष्काळात तळं आटलं, तेव्हा होडी ट्रकवर घालून होटगी रस्त्यावरच्या त्यांच्या बंगल्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवली. पुढं तळं भरलं, पण होडी काही परत गेली नाही. गेल्या वर्षी कमलाकरपंत आजारपणात वारले. आता पुण्याकडची काही हौशी मंडळी होडी न्यायला तयार होती. येत्या रविवारी ट्रक येणार होता. त्यांना जुनी यंत्रं नको होती. वरचा लाकडी डेक मात्र एकही तडा नसलेला हवा होता.

"आणि यंत्रं मला हवीत," बाई म्हणाल्या. "दादाच्या कपाटात ठेवीन. चालली नाहीत तरी चालेल. फुटलेली नकोत."

मी हो म्हटलं. रविवारला पाच दिवस होते आणि काम, माझ्या अंदाजानं, दोन दिवसांचं होतं.

२

शेड लांबच लांब, पूर्वीच्या मालकानं सरकी साठवायला बांधलेली. मधोमध होडी तीन लाकडी घोड्यांवर उभी. डोलकाठी उतरवून भिंतीशी ठेवलेली. जमिनीवर मुरूम, कोरडा ठणठणीत. दुपार चढली की वरचे पत्रे तडतडायचे.

डेकवर तीन वस्तू होत्या. एक भोंगा. एक वेग दाखवणारी काळी तबकडी. आणि पाण्याची खोली मोजायचं यंत्र, जाड काचेचं, पितळी कड्यात बसवलेलं, पावशेराच्या डब्याएवढं. त्याची वायर डेकमधून खाली केबिनमध्ये आणि तिथून तळाच्या फळीत बसवलेल्या त्याच्याच एका तुकड्यापर्यंत गेली होती.

काम समजायला सोपं, करायला किचकट. प्रत्येक वस्तू चार बोल्टांनी बसवलेली. बोल्टाचं डोकं वर डेकवर, नट खाली केबिनच्या छताला. वरून नुसता बोल्ट फिरवला तर खालचा नटही त्याच्याबरोबर गरागरा फिरतो, सुटत नाही. म्हणून खाली एका माणसानं नट पान्यानं धरून ठेवायचा आणि वर दुसऱ्यानं स्क्रू-ड्रायव्हर फिरवायचा. शिवाय पाणी झिरपू नये म्हणून प्रत्येक वस्तूखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. पंधरा वर्षांत ती दगडासारखी झालेली. पटाशी घालून उचकटलं की डेकचा पापुद्रा निघालाच म्हणून समजा. तिथं ओलं फडकं घालून वरून इस्त्री फिरवायची, लांबी मऊ झाली की सतारीची तार कडेनं ओढत न्यायची, मग लाकडी पाचर हलकेच सारायची.

खालच्या माणसासाठी मी कोंडीबा सुतारांना बोलावलं. कुंभारीचे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. रेडिओची लाकडी खोकी मी त्यांच्याकडूनच करून घ्यायचो. अंगानं बारीक, म्हणून त्या केबिनमध्ये मावणारे. केबिन कसली, मोठी पेटीच. दोन्ही बाजूंना बसायच्या फळ्या, मध्ये उताणं पडण्यापुरती जागा, पाय पुढं नाळेकडं, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडं, निमुळत्या होत जाणाऱ्या अंधारात. उजेडासाठी दोन्ही अंगांना गोल काचा, त्याही धुळीनं भरलेल्या.

कोंडीबा आत सरपटत गेले आणि लगेच म्हणाले, "हितं वल लई हाय की."

"तीन वर्षं कोरड्यात आहे होडी. ओल कुठली?"

"ते मला काय म्हाईत. फळी गार लागतीया."

आम्ही खूण ठरवली. मी वरून डेकवर एकदा टकटक केलं की त्यांनी नट धरायचा आणि आतून एकदा वाजवायचं. नट सुटला की "सुटला" म्हणायचं.

३

आधी भोंगा घेतला. पहिला बोल्ट छान सुटला. मग बाईंनी बंगल्यातून चहा पाठवला. आम्ही होडीवरून उतरलो, शेडच्या दारात उकिडवे बसून प्यायलो. कोंडीबांनी पाना केबिनमधल्या फळीवर ठेवलेला. चहा झाल्यावर ते म्हणाले, "आलो," आणि मागच्या बाजूला गेले. ते परत येऊन आत शिरले असावेत असं मी धरून चाललो, कारण होडी किंचित हलली आणि आत फळी करकरली. मी वर चढलो, दुसऱ्या बोल्टात स्क्रू-ड्रायव्हर बसवला, एकदा टकटक केलं.

आतून टकटक आली. मी फिरवलं. नट पक्का धरलेला होता. खरं सांगायचं तर आधीपेक्षा चांगला. कोंडीबांचा हात थकला की पाना थोडा सरकायचा आणि मला मनगटात धक्का बसायचा. आता काहीच सरकत नव्हतं. दुसरा झाला, तिसरा झाला, चौथा झाला. "सुटला" कुणी म्हणालं नाही, पण बोल्ट हातात आला म्हणजे सुटलाच. मी इस्त्री गरम करायला बटण दाबलं.

तेवढ्यात शेडच्या दारातून कोंडीबा आत आले. हातात विडी, बगलेत चिंचेच्या लाकडाचे दोन तुकडे.

"पाचरी तासाया लाकूड बगत हुतो," ते म्हणाले. "उशीर झाला. करायचं न्हवं सुरू?"

मी त्यांच्याकडं पाहिलं, मग हातातल्या बोल्टांकडं.

"झाले," मी म्हटलं.

"समदे? आन खाली कुनी धरलं?"

"सैल होते. आपोआप सुटले."

त्यांनी मान हलवली. गंजलेला नट बोल्टाला सोडून लाकडालाच चिकटतो, असं होतं कधीकधी. मलाही ते पटलं. मी खाली वाकून केबिनच्या दारातून हात घालून पाहिलं. आपोआप सुटलेले नट खाली पडून कुठंतरी घरंगळतात. हे तिन्ही फळीवर होते. एका ओळीत. प्रत्येक नट आपापल्या वायसरवर बसवलेला. पाना त्यांच्या शेजारी, ओळीला समांतर.

नट ओले होते. मी ते सदऱ्याला पुसून खिशात टाकले.

४

भोंगा संध्याकाळपर्यंत निघाला. डेकवर डाग नाही. तो घेऊन मी बंगल्यात गेलो. बाईंनी पदरानं त्याची धूळ पुसली. मी सहज विचारावं तसं विचारलं,

"बाई, हे सगळं बसवताना पंतांच्या मदतीला कोण होतं?"

"मदतीला? कुणी नाही. एकट्यानं बसवलं त्यानं, हिप्परग्याला तळ्याच्या काठी. मी शाळेत असायची. संध्याकाळी गेले तर तिन्ही बसवून झालेली."

"एकट्याला कसं जमेल?"

"तो हुशार होता," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता, दुसरं काही नव्हतं. "मात्र नंतर त्या केबिनमध्ये कधी गेला नाही. म्हणायचा, आत उकडतं."

मी सायकलवरून घरी आलो. जेवताना दुर्गा काहीतरी सांगत होती, माझं लक्ष नव्हतं. मी हिशेब मांडत होतो, बोल्टांचा. लाकडाला चिकटलेला नट वरून फिरवताना आधी जड लागतो, मग एकदम हलका होतो. हे तसे लागले नव्हते. शेवटपर्यंत सारखे लागले. धरलेल्या नटासारखे. मग मी स्वतःलाच विचारलं, इतकी वर्षं हातानं काम करतोस, पण धरलेला नट आणि अडकलेला नट यातला फरक तुला शपथेवर सांगता येईल का? नाही. मग झालं तर.

ती टकटक मात्र उरली. पत्रे तडतडतात, मी म्हटलं. पत्र्याचा आवाज असेल.

कोंडीबांना सांगावं असं माझ्या मनात आलं होतं. सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी आले नसते आणि रविवारपर्यंत काम झालं नसतं. आणि सांगणार तरी काय होतो?

५

दुसऱ्या दिवशी मी सातलाच शेडवर गेलो. कोंडीबा कुंभारीहून नऊला यायचे. पाना मी आदल्या दिवशी माझ्या पिशवीत घालून घरी नेला होता. तो पिशवीतच राहू दिला. शेडचं दार सताड उघडं ठेवलं. ऊन आत येत होतं, बाहेर रस्त्यावरून बैलगाडी चालली होती, सगळं रोजच्यासारखं.

आधी केबिनमध्ये डोकं घालून बॅटरी मारली. दोन फळ्या, वायर, जळमटं. नाळेकडं उजेड पोचत नव्हता, पण तिथं माणूस राहील एवढी जागाच नव्हती. मी केबिनचं दार लावून घेतलं, बाहेरून कडी घातली आणि डेकवर चढलो.

वेगाची तबकडी पुढ्यात घेतली. स्क्रू-ड्रायव्हर बसवला, टकटक केलं नाही. फिरवलं. बोल्ट गरागरा फिरला, खालच्या नटासकट. फिरायलाच हवा होता, खाली कुणी नव्हतं. मी मोठ्यानं श्वास सोडला. अजून पाचसहा वेढे दिले. आपण काल किती वेड्यासारखा विचार केला याचं हसूही आलं.

मग एकदा टकटक केलं.

काही झालं नाही. मी मनात दहा मोजले. दहा झाल्यावर खाली, नाळेच्या बाजूला, लाकडाला काहीतरी घासलं. मग जवळ. मग अगदी माझ्या गुडघ्याखाली. पोटावर सरपटत येणाऱ्या माणसाला जितका वेळ लागेल तितकाच वेळ लागला. आणि टक.

मी स्क्रू-ड्रायव्हर फिरवला. नट धरलेला होता.

तेव्हा मी उठून खाली उतरायला हवं होतं, हे मला कळतं. मी उतरलो नाही. हातानं फिरवायला सुरुवात केली होती आणि हात थांबेना. थांबलो तर खाली वाट पाहत बसलेलं असेल आणि मला कळणार नाही, असं काहीसं वाटलं. मी चारही बोल्ट काढले. शेवटचा निघाल्यावर खाली चार बारीक आवाज झाले, लाकडावर धातू ठेवल्याचे. मग घासत जाण्याचा आवाज नाळेकडं गेला.

कडी मी बऱ्याच वेळानं काढली. नट ओळीत होते.

कोंडीबा नऊला आले, तेव्हा लांबीही सोडवून तबकडी बाजूला ठेवलेली होती आणि डेकला तळहाताएवढं गोल भोक दिसत होतं.

"एकट्यानं काडलं व्हय?" ते म्हणाले.

"सैल होते," मी पुन्हा म्हटलं.

"मंग माजं काय काम?"

तेव्हाही मला सांगता आलं असतं. पण खोली मोजायचं यंत्र राहिलं होतं, तेच सगळ्यांत जड, आणि मला पुन्हा एकट्यानं टकटक करायची नव्हती. खाली आपला माणूस हवा होता. कोंडीबा आत असले तर ते दुसरं येणार नाही, असं मी स्वतःला समजावलं.

"हे जरा अवघड आहे," मी म्हटलं. "तुम्ही आत जा."

६

कोंडीबा बॅटरी घेऊन आत गेले. पाना दिला. मी टकटक केलं, त्यांनी उत्तर दिलं. पहिला बोल्ट जड होता. पाना दोनदा सरकला, कोंडीबांनी शिवी हासडली. मला फार बरं वाटलं त्या शिवीनं.

"सुटला!" ते आतून ओरडले.

दुसरा बोल्ट. टकटक. आतून टक. मी फिरवलं आणि पाना सरकला नाही. अर्धा वेढा, एक वेढा, दोन. मनगटात धक्का नाही. बोल्ट सरळ वर आला. "सुटला" आलं नाही.

"कोंडीबा, सुटला का?"

उत्तर नाही.

शेजारीच तबकडीचं भोक होतं. मी गुडघ्यांवर बसून त्याला डोळा लावला.

कोंडीबा उताणे पडले होते. चेहरा माझ्या खाली हातभर अंतरावर. उजव्या हातात पेटलेली बॅटरी. डावा हात छातीवर, मूठ घट्ट मिटलेली. मी पुन्हा पाहिलं. उजवा हात, डावा हात. आणि पाना तिसऱ्या नटावर चढवलेला होता, ताठ, जराही न थरथरता, वाट पाहत.

पान्याच्या दांड्यावर चार बोटं होती. दिवसभर धुणं धुतल्यावर बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतते, तशी. मनगट नाळेच्या बाजूनं आलं होतं आणि त्याच्यामागं बॅटरीचा उजेड पोचत नव्हता. तिकडंच कोंडीबांचे पाय होते. उजवा गुडघा वर घेतलेला दिसत होता. डावा पाय गुडघ्यापासून पुढं दिसत नव्हता.

कोंडीबांचे डोळे माझ्याकडं लागले होते. त्यांनी मान इकडून तिकडं, अगदी थोडी, हलवली. बोलू नका. मग ते बोलले, नेहमीच्या आवाजात, जणू झाडाखाली बसलेत.

"फिरवा कुंडलिकराव. थांबू नगा. दोनच ऱ्हायल्यात."

मी आत धावत जाऊन त्यांना ओढणार होतो. पण केबिनच्या दारापर्यंत जायला डेक सोडावा लागणार होता, आणि मी काम अर्धवट टाकून उठलो हे खाली कळलं असतं. त्याला पुरं करणं ठाऊक होतं. अर्धवट सोडल्यावर ते काय करतं, हे ना मला ठाऊक होतं ना कोंडीबांना.

मी भोकावरून डोळा काढला. तिसऱ्या बोल्टात स्क्रू-ड्रायव्हर बसवला. खाच दोनदा चुकली. खाच खराब झाली असती तर बोल्ट निघालाच नसता. मी दोन्ही हातांनी मूठ धरली, अंगाचा भार वर दिला आणि अगदी सावकाश फिरवलं. मध्ये खालून कुजबुजल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. कोंडीबा पुटपुटत होते. देवाचं नाव घेत असतील असं मला वाटलं.

तिसरा. चौथ्यासाठी टकटक केलं, उत्तर लगेच आलं. तो सगळ्यांत लवकर निघाला.

खाली फळीवर टक, टक, टक. तीनच. मग बराच वेळ काही नाही. मग घासत जाणारा आवाज.

केबिनच्या दारातून कोंडीबांचं डोकं बाहेर आलं, मग खांदे. मी उडी मारून त्यांना दंडाला धरून ओढलं. धोतर डाव्या गुडघ्याखाली चिंब भिजलेलं, त्या पायात वहाण नाही. त्यांनी मूठ उघडली. पहिला नट होता. तो त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"झालं न्हवं?" ते म्हणाले. "चला मंग."

७

पण काम झालं नव्हतं. यंत्र अजून लांबीनं चिकटलेलं होतं. कोंडीबा शेडच्या दाराबाहेर उन्हात जाऊन बसले आणि मी एकट्यानं इस्त्री फिरवली, तार ओढली, पाचर सारली. याला खालून कुणी लागत नाही. यंत्र हळूच उचललं गेलं, डेकचा एक कपचा उडाला नाही. वायर मात्र त्याला जोडलेली होती आणि ती खाली तळाच्या फळीपर्यंत गेलेली. बाईंनी वायरीसकट, तळाच्या तुकड्यासकट सगळं मागितलं होतं. मी पक्कड घेतली आणि डेकच्या वर चार बोटांवर ती तोडली.

तोडलेलं टोक क्षणभर भोकाच्या कडेवर राहिलं. मग ते आत गेलं. घसरून पडलं असतं तर एकदम गेलं असतं. ते वीतभर गेलं, थांबलं, वीतभर गेलं, थांबलं. वायर गुंडाळणारा माणूस ओढतो तसं.

भोकं बुजवायला कोंडीबांनी सागवानी चकत्या केल्या. त्या शेडमध्ये नव्हे, बाहेर कडुलिंबाखाली. बसवल्या मी, वरूनच, लाकडाच्या स्क्रूंनी. त्यांना नट लागत नाही.

बाईंना मी सांगितलं की तळाचा तुकडा काढला असता तर होडीचा तळ फुटला असता. त्या म्हणाल्या, "मग राहू द्या." यंत्राच्या काचेवरून त्यांनी बोट फिरवलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खाली पाहिलं.

रविवारी पुण्याहून मानसिंग नावाचे गृहस्थ ट्रक घेऊन आले. त्यांनी डेकवरून हात फिरवून पाहिला, चकत्यांवर बोटानं वाजवलं. ते वाजवत होते तेव्हा मी दुसरीकडं पाहत होतो.

"उत्तम काम," ते म्हणाले. "एक ओरखडा नाही."

"साहेब, केबिनमध्ये एकट्या माणसाला कामाला लावू नका," मी म्हटलं.

"का हो?"

"जागा अडचणीची आहे," मी म्हटलं.

"ते तर आहेच," ते हसून म्हणाले. ट्रक होटगी रस्त्यावरून वळेपर्यंत मी फाटकात उभा होतो.

८

त्यानंतर कोंडीबा दुकानाकडं फिरकले नाहीत. खोक्यांसाठी निरोप पाठवला, तर सवड नाही असं कळलं. एप्रिलच्या शेवटी मी सायकल काढून कुंभारीला गेलो.

घरापुढं मांडवाखाली ते औताचा दांडा तासत बसले होते. त्यांच्या बायकोनं, केराबाईंनी, मला पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "बगा की तुमीच. घरात झोपंना झालेत. अडीच म्हयने व्हत आले, बाजलं भाईरच. आत या म्हनलं की वरडतात."

"जा तू," कोंडीबा म्हणाले. त्या आत गेल्या.

ते वाकसानं दांडा तासत राहिले, ढलप्या माझ्या पायाशी पडत होत्या. मग हात न थांबवता म्हणाले, "कुंडलिकराव, एक सांगायचं हुतं. तुमची माफी मागायची हुती."

"माफी माझी कशाला?"

"आत त्यानं पाय धरला हुता. घट न्हाय, आसा नुसता. लहान पोराला धरत्यात तसा. आन त्यानं मला इचारलं."

"काय विचारलं?"

"'वर कोण आहे?'" कोंडीबांनी ते माझ्यासारख्या शहरी बोलीत, स्पष्ट उच्चारून म्हटलं. त्यांच्या तोंडून ते वेगळंच वाटलं. "आसं सुद्द. मास्तरावानी. मी गप ऱ्हायलो. पुन्ना इचारलं. तवा पाय जरा वडला."

"मग?"

"मग मी सांगितलं." त्यांचा हात थांबला. "तुमचं नाव. तुमच्या बापाचं नाव. दुकान कुटं हाय ते. त्ये इचारत गेलं तसं मी सांगत गेलो. घरात कोन कोन हाय ते बी. समदं ऐकून घितलं आन मग पाय सोडला."

रस्त्यावरून एसटी गेली, धूळ मांडवापर्यंत आली. मला दुर्गाचं नाव सांगितलं का, हे विचारायचं होतं. विचारायची गरज नव्हती.

"माजं लई चुकलं," कोंडीबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "तुमाला काय म्हाईत, आत काय हाय. तुमी बिचारे वर काम करत हुता."

मी तिथून तसाच निघून येऊ शकलो असतो. ते रडवेले झाले होते, मी पाठीवर हात ठेवून असू द्या म्हटलं असतं, म्हणजे झालं असतं. पण मला ते जमलं नाही.

"कोंडीबा, मला माहीत होतं," मी म्हटलं. "आदल्या दिवसापासून. भोंग्याचे नट त्यानंच धरले होते. तबकडीचेही. मी तुम्हाला सांगितलं नाही आणि आत पाठवलं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे कोरडे केले, अगदी नीट, एकेक करून.

"मंग बरं झालं मी त्याला सांगितलं ते," कोंडीबा म्हणाले, आणि वाकस उचलून पुन्हा दांडा तासायला लागले.